आधी कॉक, मग कागद

भाड्याच्या घरात रात्री अकराला बाथरूमचा पाईप फुटला, की बहुतेक लोक पहिला फोन मालकाला लावतात. मालक उचलत नाहीत. मग एजंटला लावतात. तो म्हणतो, सकाळी बघू. तोवर पाणी हॉलपर्यंत आलेलं असतं, खालच्या मजल्यावरचे काका दार वाजवत असतात, आणि मेन कॉक नेमका कुठे आहे हे घरात कोणालाच ठाऊक नसतं.

धोका थांबवणं हे एक काम आणि बिघाड दुरुस्त करणं हे दुसरं. पहिलं काम घरात राहणाऱ्याचं. त्याला कोणाची परवानगी लागत नाही आणि ते मिनिटांत व्हायला हवं. दुसरं काम कोणाचं, हे करार, कायदा आणि फ्लॅट असेल तर सोसायटीचे उपविधी ठरवतात. त्याला दिवस लागतात आणि कागद लागतो. या दोन कामांची गल्लत झाली की काही भाडेकरू मालकाच्या होकाराची वाट बघत पाणी वाहू देतात. काही जण उलट, घाबरून अख्खी भिंत फोडून घेतात आणि मग बिल कोणी द्यायचं यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

पाण्यापासून सुरुवात करू. फ्लॅटमध्ये पाणी गच्चीवरच्या टाकीतून डक्टमधल्या पाईपने उतरतं. बेसिनखाली आणि फ्लशच्या टाकीजवळ छोटे अँगल कॉक असतात. बाथरूमच्या भिंतीत, बहुधा दाराच्या वर किंवा गीझरच्या आसपास, त्या बाथरूमचा वॉल्व्ह असतो. पूर्ण घराचा किंवा पूर्ण उभ्या लाईनचा वॉल्व्ह डक्टमध्ये नाहीतर गच्चीवर असतो, आणि त्याची किल्ली वॉचमनकडे. वर्षानुवर्षं न फिरवलेला वॉल्व्ह जाम होतो आणि नेमका हवा त्या वेळी फिरत नाही. म्हणून घराची चावी घेताना, मालक किंवा एजंट समोर असतानाच, प्रत्येक कॉक एकदा बंद करून बघावा. जाम निघाला तर तो बदलून देण्यावरून त्या दिवशी कोणी वाद घालत नाही. सहा महिन्यांनी घालतात.

विजेचं तसंच. बोर्डावर एमसीबी असतात, ते जादा भार किंवा शॉर्टसर्किट झालं की पडतात. माणसाला शॉकपासून वाचवणारं उपकरण वेगळं, ते आरसीसीबी. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत साधारण ३० मिलिअँपियरचा फरक पडला की ते वीज तोडतं. त्यावर चाचणीचं बटण असतं, ते दाबल्यावर वीज गेली पाहिजे. जुन्या घरांत आरसीसीबी नसतंच, कधी कधी कटआउटमध्ये जाड तार गुंडाळून ठेवलेली असते. अशा घरात गीझरच्या नळाला झिणझिण्या येत असतील तर तो बिघाड उद्यावर टाकण्यासारखा नाही. गीझरचा स्विच आणि एमसीबी बंद करायचा आणि वायरमनने अर्थिंग तपासेपर्यंत लावायचा नाही. छताला ओल धरली असेल आणि पंख्याच्या किंवा दिव्याच्या जागेतून पाणी टिपकत असेल, तर त्या खोलीचं सर्किट आधी बंद, बादली नंतर. बिघाड मीटरच्या आधी, म्हणजे इमारतीला येणाऱ्या वायरीत असेल तर तो वीज कंपनीचा विषय. महावितरणच्या भागात त्यासाठी १९१२ हा क्रमांक आहे.

गॅसबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण इथे चूक झाली तर दुरुस्तीला वेळच उरत नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत आणि मोरीत साचतो. पाईपने येणारा गॅस हलका असतो, तो वर छताकडे जातो. वास आला तर रेग्युलेटर किंवा मीटरजवळचा कॉक बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, विजेचं कुठलंही बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, आणि फोन घराबाहेर जाऊन करायचा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक देशभर चोवीस तास चालतो. पाईप गॅसचा आपत्कालीन क्रमांक बिलावर छापलेला असतो. तो आजच दाराच्या मागे लिहून ठेवा.

गॅस गीझर हा त्याहून फसवा प्रकार. बंद बाथरूममध्ये तो जळत राहिला की हवेतला प्राणवायू कमी होतो, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. महाराष्ट्रात दर हिवाळ्यात याने अंघोळीला गेलेली माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. मालकाने हौसेने बसवून दिलेला गीझर बाथरूमच्या आतच असेल आणि हवा यायला-जायला जागा नसेल, तर तो बाहेर हलवून मागणं ही तातडीची दुरुस्तीच आहे. हलवेपर्यंत पाणी चुलीवर तापवावं. यात भिडेला जागा नाही.

धोका थांबला. आता दुसरं काम.

दुरुस्ती कोणाची हे ठरवण्याआधी पाणी येतंय कुठून हे कळायला हवं. मिस्त्री आल्या आल्या टाइल फोडायला बघतो. त्याला एक दिवस थांबवा. बाथरूमचा वॉल्व्ह बंद केल्यावर ओल वाढायची थांबली, तर गळती दाबाच्या पाईपची. वॉल्व्ह चालू असून फक्त अंघोळीनंतर किंवा फ्लशनंतर टिपकत असेल, तर नहाणी ट्रॅप किंवा सांडपाण्याचा पाईप. वरच्या घराचं बाथरूम दोन दिवस कोरडं ठेवायला सांगा, ते नम्रपणे मागितलं तर बहुतेक शेजारी देतात. त्याने फरक पडला तर उगम वर आहे. आणि पाऊस पडला तरच ओल येत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीचा छज्जा किंवा गच्ची. एवढं निरीक्षण, तारीख-वेळेसह, पाच-सात फोटोंसकट लिहून ठेवलं तर निम्मा वाद तिथेच मिटतो.

कारण उगमावर जबाबदारी ठरते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती आणि सामाईक पाईपांची गळती ही सोसायटीने दुरुस्त करायची असते, घरातल्या नळ-संडासामुळे होणारी त्या-त्या सभासदाने. भाडेकरू सभासद नसतो. त्याचं पत्र सेक्रेटरी वाचेल, पण कमिटीला बांधील करील ते मालकाचंच. म्हणून गच्ची गळत असेल तर मालकाच्या नावाने अर्ज लिहून त्यांच्याकडे पाठवावा आणि म्हणावं, काका, फक्त सही करून सोसायटीला मेल करा. पंधरा दिवस 'बोलतो सेक्रेटरींशी' ऐकत बसण्यापेक्षा हे लवकर होतं. शिवाय ही कामं ऋतूला बांधलेली आहेत. ओल्या कोब्यावर वॉटरप्रूफिंग धरत नाही. मृगाआधी जे झालं नाही ते दसऱ्यापर्यंत ताडपत्रीवर निभावायचं, आणि जुलैत गच्चीवर काही थापून देणारा ठेकेदार मालकाचे पैसे पाण्यात घालतो.

एक ओल मात्र वेगळी ओळखता आली पाहिजे. छताचे पोपडे निघताहेत इथवर रंगाचा प्रश्न असतो. सळईच्या रेषेत लांब तडा गेला, काँक्रीटचे तुकडे पडू लागले, आत तांबूस सळई दिसली, तर तो स्लॅबचा प्रश्न. गंजलेलं लोखंड फुगतं आणि भोवतालचं काँक्रीट फोडतं. वरून प्लॅस्टर मारलं की ते वर्षभरात पुन्हा पडतं, बहुतेक वेळा खालच्या पलंगावर. त्या खोलीतली झोपायची जागा त्याच दिवशी बदलावी आणि मालक व सोसायटी दोघांनाही लेखी कळवावं. उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण सांगितलं आहे. अहवाल आहे का, हे विचारावं.

आता कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचं कलम १४ सांगतं, की उलट करार नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस दिली आणि तरी वाजवी मुदतीत काम झालं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाची. हिशेब आणि पावत्या ठेवल्या असतील तर त्या मालकाला मान्य कराव्या लागतात. वाचायला उत्तम कलम आहे.

पण पुण्या-ठाण्यात अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस या कलमातला भाडेकरू नसतो. त्याच्या हातात असतो लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे जागा वापरायची परवानगी. तिथे दुरुस्तीचा हक्क करारात लिहिला असेल तेवढाच. आणि छापील मसुद्यांत काय असतं? घरात बदल करायचे नाहीत, नुकसान केलं तर भरून द्यायचं, मालकाला तपासणीला येऊ द्यायचं. पाईप फुटला तर कोणी बघायचं, किती दिवसांत, किती खर्चापर्यंत न विचारता, याबद्दल बहुतेकदा एक ओळही नसते. लाखभर डिपॉझिट देताना आपण पार्किंगवरून घासाघीस करतो आणि हे कलम विसरतो, याचं मला फार वाईट वाटतं, कारण सहीच्या दिवशी ते मागायला काही पडत नाही.

काय लिहून घ्यावं याचा एक तयार आधार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात कामांची वाटणी केली आहे. इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, रंगसफेदी, पाईप बदलणं, अंतर्गत आणि बाह्य वायरिंग हे मालकाकडे. नळ आणि वॉशर, तुंबलेली मोरी, बेसिन, स्विच-सॉकेट, गीझर, कुलपं, खिडकीच्या काचा हे भाडेकरूकडे. हा नमुना आहे. राज्याने स्वीकारून आपला कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही, पण करारात यादी म्हणून उतरवायला कोणाची हरकत असणार? मी त्यात एक बदल जरूर करेन. मालकाने बसवलेला, दहा वर्षं जुना गीझर भाडेकरूने दुरुस्त करत राहावा हे न्याय्य नाही. वापराने बिघडलं ते राहणाऱ्याचं आणि वयाने बिघडलं ते मालकाचं, अशी ओळ घालावी. तिच्याखाली आणखी एक: 'पाणी, वीज, सांडपाणी, गॅस किंवा मुख्य दाराचं कुलूप यांचा तातडीचा बिघाड झाल्यास व मालकांशी चोवीस तासांत संपर्क न झाल्यास ५,००० रुपयांपर्यंतची दुरुस्ती राहणाऱ्याने करून घ्यावी व पावतीवर ती रक्कम पुढील भाड्यातून वजा करावी.' आकडा घराप्रमाणे ठरवा.

मालक न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात असतील तर ही ओळ लागतेच. पुण्यात असे फ्लॅट खूप आहेत. आपली मध्यरात्र ही तिथली कामाची वेळ असते, म्हणजे निरोप लगेच वाचला जातो, पण प्लंबरला पैसे कोण देणार आणि दार कोण उघडणार हे इथलंच कोणीतरी ठरवायला हवं. भाऊ, मेहुणा, जुने शेजारी, जो कोणी असेल त्याचं नाव आणि त्याला असलेली मुभा करारात असू द्या. नाहीतर मेहुणे म्हणतात 'मला माहीत नाही, ताईला विचारा', आणि ताई म्हणतात 'तो बघतोय ना'.

करार नोंदवलेलाच नसेल तर? राज्याच्या भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची. तो तसा नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. 'रंग आणि प्लंबिंग मी करून देतो' असं तोंडी सांगितलेल्या मालकाला ही गोष्ट शांतपणे सांगता येते.

मग तो कागद, म्हणजे बहुधा व्हॉट्सअॅपचा निरोप, कसा असावा? असा: 'नमस्कार काका. आज १४ जुलै, रात्री १०.४०. मागच्या बाथरूमच्या भिंतीतला पाईप फुटला आहे. वॉल्व्ह बंद केला, पाणी थांबलं, पण त्या बाथरूमला आता पाणी नाही. व्हिडिओ सोबत आहे. उद्या सकाळी प्लंबरला फक्त बघायला बोलावतो आहे, खर्चाचा अंदाज लगेच कळवतो. काम तुमच्या प्लंबरकडून करणार की मी करून घेऊ, ते उद्या दुपारी १२ पर्यंत सांगा.' यात तक्रार नाही, घटना आहे. धोका थांबवला हे आहे, म्हणजे खालच्या घराच्या छताचं नुकसान तुमच्या निष्काळजीपणावर कोणी ढकलू शकत नाही. निर्णय मालकावर सोडला आहे, पण मुदत घातली आहे. उत्तर फोनवर आलं तर 'आत्ता बोलल्याप्रमाणे' म्हणून दोन ओळी परत लिहून पाठवायच्या. आठवडाभर हालचाल नसेल तर हाच मजकूर ईमेलने आणि स्पीड पोस्टने जाऊ द्या. बदललेला जुना पाईप किंवा जळालेला स्विच टाकून देऊ नका. मालकांना दाखवायला तो पिशवीत ठेवा.

भाडं थांबवू मात्र नये. राग समजण्यासारखा असतो, पण लायसन्सवर राहणाऱ्याने भाडं थांबवलं की करार मोडणारा तो ठरतो, आणि मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट भाड्याने भरपाई द्यायला लावणारं कलम २४ मालकाच्या बाजूला आहे. वजावट करायची तर लेखी होकारावर किंवा करारातल्या ओळीवर. 'डिपॉझिटमधून कापून घ्या' हेही तोंडी चालत नाही.

कधी उलट होतं. जुना भाडेकरू जागा सोडावा म्हणून मालकच पाणी तोडतात, जिन्यातला दिवा काढून घेतात, पंप बिघडला तर तसाच ठेवतात. कलम २९ हे याचसाठी आहे. पुरेशा कारणाशिवाय पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट किंवा सफाईची सोय तोडणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि सोय पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश न्यायालयाकडे मागता येतो. मुंबईत यासाठी लघुवाद न्यायालयात जायचं. कलमाची भाषा भाडेकरूची आहे. लायसन्सवाल्याला आपला करार पुढे करून मनाईहुकूम मागावा लागतो.

जुन्या भाडेकरूंचा विषय निघालाच आहे, तर मुंबईच्या पागडीच्या इमारतींकडे यायला हवं, कारण दुरुस्ती का होत नाही हे तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. १९४७ च्या भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण मानलं आणि ते तिथेच गोठलं. युद्धानंतरच्या टंचाईत त्याने लाखो कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर टिकवलं. पण छपराची कौलं बदलायला मालकाकडे त्या भाड्यातून काही उरेना. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली गोठवलेलं भाडं गैरवाजवी झाल्याचं म्हटलं. नंतरचा १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून आला आणि त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. दोनशे रुपये भाड्यावरचे चार टक्के म्हणजे आठ रुपये. कलम १४ ची वजावटही इथे तोकडी पडते. महिना दोनशे म्हणजे वर्षाला २,४००, त्याचा चौथा भाग ६००. सहाशे रुपयांत सज्ज्याची एक तुळईही बदलत नाही. ज्याला कायद्याने हक्क दिला त्याच्या भाड्यात तो हक्क वापरण्याइतका पैसा नाही, आणि जो महिना तीस हजार भरतो त्याला तो हक्क नाही.

ही कोंडी सरकारने १९६९ मध्येच ओळखली होती. इमारती कोसळू लागल्यावर त्या वर्षी मुंबई शहर भागासाठी दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला. अशा उपकरप्राप्त इमारती मूळच्या १९,६४२. त्यांतल्या १६,५०२ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या. मंडळ पुढे म्हाडात आलं. आजही दर पावसाळ्याआधी ते पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. तुमचा सज्जा झुकला, जिन्याची पायरी खचली, तर मालकाबरोबर मंडळाच्या विभागीय कार्यालयालाही लेखी कळवा आणि पोचेचा शिक्का घ्या. मंडळाचे लोक आधी टेकू लावतात. टेकू म्हणजे इमारतीचा बंद केलेला कॉक. धोका थांबला, दुरुस्ती बाकी. गिरगाव-डोंगरीतल्या गल्ल्यांत मात्र टेकूच वर्षानुवर्षं उभे राहतात, त्यांना खिळे ठोकून दोऱ्या बांधल्या जातात, कपडे वाळतात, आणि रहिवासी, मालक, मंडळ, सगळेच टेकूलाच दुरुस्ती समजायला लागतात. ज्या घरात टेकू आहे तिथल्या मंडळींनी दर सहा महिन्यांनी, दुसरं काही घडलं नाही तरी, स्मरणपत्र द्यावं. पत्राच्या प्रती एका फायलीत ठेवाव्यात.

आणि इमारत रिकामी करा अशी महापालिकेची कलम ३५४ ची नोटीस आली, तर बाहेर पडावं. घर सोडलं की हक्क गेला या भीतीने लोक मोडक्या जिन्यावर दिवस काढतात. ती भीती खरी नाही. इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलं आहे. सामान बांधण्याआधी महापालिकेकडून आपल्या खोलीचं क्षेत्रफळ मोजून नोंदवून घ्यावं, त्याची प्रत मागावी, आणि जुन्या भाडेपावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड यांच्यासोबत ती फाईल पहिल्या पिशवीत घालावी.